समाजशास्त्राची पदवी घेतली, आता पुढे काय? नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीएच्या शेवटच्या सत्राची परीक्षा संपली की हे प्रश्न येऊ लागतात. निम्मे विद्यार्थ्यांचे असतात, निम्मे पालकांचे. उत्तरं नाशिक जिल्हा डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. भरतीच्या अटी बदलत राहतात, तेव्हा अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची मूळ जाहिरात वाचाच. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या सारांशावर विसंबू नका.

१. बीए समाजशास्त्र झालं. नुसत्या या पदवीवर कुठली नोकरी लागते?

नाव घेऊन समाजशास्त्रच मागणाऱ्या जागा थोड्या आहेत, हे आधीच कळलेलं बरं. मात्र ‘कोणत्याही शाखेची पदवी’ एवढीच अट असलेल्या जागा पुष्कळ निघतात: राज्यसेवा, पोलीस उपनिरीक्षक, बँका, समाजकल्याण निरीक्षक. तिथे तुमची पदवी बीकॉमवाल्याच्या बरोबरीची धरतात.

काही जागांवर समाजशास्त्र हा चालणाऱ्या विषयांपैकी एक असतो. सरकारी रुग्णालयांतल्या एचआयव्हीच्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रातला समुपदेशक घ्या. त्याच्या पात्रतेत मानसशास्त्र, समाजकार्य यांच्या शेजारी समाजशास्त्रही असतं, फक्त पदवीवाल्याला सोबत अनुभव दाखवावा लागतो. उरली स्वयंसेवी संस्था, सर्वेक्षण आणि कंपन्यांच्या सीएसआरची, म्हणजे सामाजिक खर्चाची, कामं (प्रश्न १०). तिथे मुलाखतीत पदवीवर फार वेळ जात नाही. ‘काय काय येतं?’ हा खरा प्रश्न असतो (प्रश्न ५).

२. समाजशास्त्र आणि समाजकार्य एकच ना? घरी सगळे तेच समजतात.

भरतीच्या कामापुरतं तरी वेगळं. बीएसडब्ल्यू आणि एमएसडब्ल्यू या समाजकार्याच्या व्यावसायिक पदव्या आहेत आणि त्यांत क्षेत्रकार्य सक्तीचं असतं. जाहिरातीत ‘समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी’ लिहिलं असेल तर समाजशास्त्राचं एमए तिथे चालत नाही, गुण कितीही असोत. सरकारी रुग्णालयातला समाजसेवा अधीक्षक हे याचं नेहमीचं उदाहरण.

वसतिगृहाच्या गृहपालाच्या बाबतीत तर घोळ ठरलेला. एका विभागाच्या जाहिरातीत कोणतीही पदवी चालते, दुसऱ्या विभागाच्या जाहिरातीत समाजकार्याचीच मागतात आणि पदाचं नाव दोन्हीकडे तेच. ‘समकक्ष’ हा शब्द बघून आशेवर फी भरू नका. समकक्ष काय ते भरती करणारा विभाग ठरवतो.

३. मग एमए करू की एमएसडब्ल्यू?

कॉलेजात शिकवायचं किंवा संशोधन करायचं असेल तर एमए. रुग्णालय, बालसंरक्षण, महिला समुपदेशन किंवा कारखान्यातलं कामगार कल्याण यांपैकी काही डोक्यात असेल तर एमएसडब्ल्यू. दोन्हींत काहीच ठरत नसेल तर आमचं मत स्पष्ट आहे: आधी वर्षभर एखाद्या संस्थेत काम करा, मग ठरवा. ‘घरी बसण्यापेक्षा’ म्हणून केलेल्या एमएचा शेवट दोन वर्षांनी पुन्हा याच प्रश्नावर होतो.

एमएसडब्ल्यूला कोणत्याही शाखेचा पदवीधर जाऊ शकतो. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे पदव्युत्तर प्रवेश आता सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतात. मुंबईखेरीज तिचं एक आवार तुळजापूरला आहे आणि ग्रामीण विकासाची ओढ असणाऱ्याने तेही पाहावं. लोकसंख्या आणि आरोग्याच्या आकडेवारीत रस असेल तर देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम तीच पाहते. आपल्याकडची मुलं तिथे अर्जच करत नाहीत, का कोण जाणे.

४. पुण्या-मुंबईला न जाता नाशिकमध्येच काम मिळेल का?

मिळेल, पण ‘नाशिक’ म्हणजे कॉलेज रोड आणि गंगापूर रोड एवढंच धरलंत तर कमी मिळेल. जिल्ह्यात १५ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची साधारण चौथाई लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. राज्याचं आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकलाच आहे आणि आदिवासी विकास महामंडळाचं मुख्यालयही इथेच. त्यामुळे वनहक्क, पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा), आश्रमशाळा, कुपोषण, स्थलांतर या विषयांवर काम करणाऱ्या संस्थांना सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण या पट्ट्यात माणसं लागतात.

दुसरीकडे मालेगावचे यंत्रमाग, येवल्याचे पैठणी विणकर, सातपूर-अंबडचा कंत्राटी कामगार, लासलगावचा कांदा, दिंडोरी-निफाडची द्राक्षं. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या शेतकरी उत्पादक कंपन्यांनाही सभासदांशी बोलणारी, गटांच्या बैठका घेणारी माणसं लागतात. बचत गटांचं काम राज्याच्या ‘उमेद’ या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात चालतं, मात्र तिथल्या बहुतेक नेमणुका कंत्राटी असतात.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला असल्याने आरोग्याच्या संशोधन प्रकल्पांवरही नजर ठेवा. मोठ्या संशोधन संस्थांची कार्यालयं पुण्या-मुंबईत असली तरी त्यांचं फील्ड इथे असतं. तेव्हा पहिली दोन वर्षं फील्डमध्ये काढायची तयारी असेल तर नाशिक सोडायची गरज नाही. त्यानंतर बढती हवी असेल तर मात्र बहुधा पंचवटी एक्स्प्रेसचा पास काढावा लागतो.

५. सर्वेक्षणाचं काम म्हणजे घरोघर फिरून फॉर्म भरणंच ना? त्याला पदवी कशाला?

हा प्रश्न टोमण्याच्या सुरात येतो, म्हणून सविस्तर सांगतो.

द्राक्षाच्या छाटणीच्या दिवसांत पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं निफाड-दिंडोरीकडे कामाला उतरतात. प्रश्नावलीत छापलेलं असतं, ‘कुटुंबाचं मासिक उत्पन्न किती?’ समोरची बाई म्हणते, “महिन्याचं कसं सांगू? एकराचं उक्तं घेतलंय.” नुसता फॉर्म भरणारा इथे अंदाजाने एक आकडा टाकतो आणि पुढच्या घरी जातो. समाजशास्त्र नीट शिकलेला मुलगा मोबाइल खाली ठेवतो आणि विचारतो: एकराचा भाव काय ठरला? टोळीत किती जण? एक एकर उरकायला किती दिवस लागतात? येताना उचल घेतली होती का, आणि ती आता कशातून फिटतेय? पैसे हातात कोणाच्या पडतात, तुमच्या की टोळीच्या मुकादमाच्या? दहा मिनिटांनी जो आकडा निघतो तो पहिल्या अंदाजाच्या जवळपासही नसतो. शिवाय प्रश्नावलीत मासिक उत्पन्नाचा रकाना ठेवणंच चूक होतं, हेही लक्षात येतं. ते वरिष्ठांना लिहून कळवणारा माणूस पुढच्या प्रकल्पात पर्यवेक्षक होतो.

तीच गोष्ट ‘घरात किती माणसं?’ या प्रश्नाची. जनगणनेच्या व्याख्येत कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. एका छपराखाली दोन चुली असतील तर कुटुंबं दोन. हंगामाला बाहेर गेलेला थोरला मुलगा धरायचा की नाही, याची सूचना त्या त्या सर्वेक्षणाच्या पुस्तिकेत असते आणि ती वाचलेली असावी लागते.

म्हणून बीए करतानाच शिकून घ्यायच्या गोष्टी: मोबाइलवर प्रश्नावली बनवण्यासाठी कोबो टूलबॉक्स, एक्सेलमध्ये पिव्होट टेबल, रेकॉर्ड केलेली मुलाखत शब्दन् शब्द उतरवून काढणं, आणि गटचर्चेत गप्प बसलेल्या बाईला बोलतं करणं. शेवटची गोष्ट कुठल्याही क्लासमध्ये शिकवत नाहीत. पुढे एसपीएसएस किंवा आर ही आकडेवारीची सॉफ्टवेअर येत असतील तर पगारावर बोलणी करायला जागा होते.

६. स्पर्धा परीक्षेला समाजशास्त्र वैकल्पिक विषय म्हणून घ्यावा का?

यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत वैकल्पिक विषयाचे दोन पेपर, प्रत्येकी २५० गुणांचे. एमपीएससीनेही २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक केली, त्यामुळे तिथेही १७५० पैकी ५०० गुण वैकल्पिक विषयाचे आहेत आणि यादीत समाजशास्त्र आहे. यूपीएससीच्या पहिल्या पेपरला मार्क्स, दर्खाइम, वेबर, मर्टन आणि दुसऱ्याला भारतीय समाज, म्हणजे घुर्ये, श्रीनिवास, अ. र. देसाई. बीएला हे वाचलेलं असतं. निबंध आणि सामान्य अध्ययनातल्या समाजविषयक भागालाही त्याचा हात लागतो.

पण विषय सोपा आहे म्हणून घेऊ नका. उत्तरात विचारवंताच्या नावापुढे आजचं उदाहरण लिहिता आलं नाही तर गुण अडकतात. आणि अभ्यासिकेत किती वर्षं घालवायची याची तारीख पहिल्याच दिवशी घरच्यांसमोर ठरवा. राज्यसेवेला खुल्या गटाची वयोमर्यादा ३८ आहे, याचा अर्थ ३८ पर्यंत बसायचं असा नाही.

७. प्राध्यापक व्हायचंय. नेट-सेट झालं की लागली ना नोकरी?

नाही. एमएला ५५ टक्के (राखीव गटांना ५०) आणि नेट (देशपातळीची) किंवा सेट (राज्यपातळीची) ही पात्रता परीक्षा, ही दाराशी पोचण्याची अट झाली. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन सातव्या आयोगानुसार ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं. मात्र अनुदानित कॉलेजांतल्या जागा वर्षानुवर्षं रखडतात आणि तोवर तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास तेवढ्याच पैशांवर, शिकवावं लागतं. तासिकेत सुट्टीचे पैसे नाहीत आणि परीक्षेच्या काळात तास नाहीत. घरात दुसरं उत्पन्न नसेल तर हा मार्ग एकटा धरू नका. सोबत संशोधन प्रकल्पांचं काम चालू ठेवा.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातला चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम ७५ टक्क्यांनी पूर्ण केला तर एमए न करताही नेटमार्गे पीएचडीला जाता येतं, हे बऱ्याच जणांना अजून माहीत नसतं.

८. बीएड करून शाळेत लागता येईल का?

इथे जरा सांभाळून. दहावीपर्यंत समाजशास्त्र हा स्वतंत्र विषय नाही. तो अकरावी-बारावीला, कला शाखेत आहे. तिथे शिकवायचं तर एमए आणि बीएड दोन्ही हवं. माध्यमिक शाळा इतिहास, भूगोल किंवा भाषेचा शिक्षक शोधत असते, तेव्हा बीएला तुमचे बाकीचे विषय कोणते होते यावर सगळं ठरतं. बीएडच्या प्रवेशाला बसण्याआधी हे तपासा.

९. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत एचआरला समाजशास्त्रवाल्याला घेतात का?

नुसत्या बीएवर क्वचित. पण कामगार कल्याण अधिकारी हे पद कायद्याने आलेलं आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात ५०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात ते बंधनकारक होतं, २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत हा आकडा २५० केला आहे. त्यासाठी पदवीवर कामगार कल्याणाचं शिक्षण लागतं. पुणे विद्यापीठाचा डीएलएल अँड एलडब्ल्यू हा कामगार कायद्यांचा पदविका अभ्यासक्रम नोकरी करत करता येतो आणि कारखान्यांत त्याला मान आहे. तो मात्र कोणत्या पदाला पुरेसा धरतात ते जाहिरातीत बघा. कंत्राटी कामगारांच्या तक्रारी, कॅन्टीन, पाळीच्या बसेस, युनियनशी बोलणी, कामाचं स्वरूप हे आहे. ज्याला माणसांत राहायला आवडत नाही त्याने जाऊ नये.

१०. सीएसआरमध्ये नोकरी म्हणजे नेमकं काय?

२०१३ च्या कंपनी कायद्यानुसार वर्षाला ५ कोटी नफा, १००० कोटी उलाढाल किंवा ५०० कोटी नक्त मालमत्ता यांपैकी एक असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. कंपनीच्या आत या कामाला एक-दोनच माणसं असतात. खऱ्या जागा निधी मिळालेल्या संस्थांत आणि परिणाम-मूल्यमापन करणाऱ्या कंपन्यांत असतात. सीएसआरचं बंधन सरासरी १० कोटी किंवा जास्त असेल तर एक कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचं मूल्यमापन बाहेरच्या संस्थेकडून करून घ्यावं लागतं. प्रश्न ५ मधलं कौशल्य इथे विकलं जातं.

११. समाजशास्त्रानंतर वकिली कशी?

उत्तम जोड आहे, आणि आम्हाला वाटतं सर्वांत दुर्लक्षित. तीन वर्षांच्या एलएलबीला राज्याची सीईटी आणि पदवीला खुल्या गटात ४५ टक्के लागतात. कौटुंबिक हिंसाचार, वनहक्क, कामगार, बालन्याय अशा खटल्यांत कागदापलीकडचं कुटुंब दिसणारा वकील कमी असतो. सुरुवातीची काही वर्षं कमाई तुटपुंजी असते, एवढं धरून चला.

१२. मुलीला पेठ-सुरगाण्याकडच्या संस्थेत बोलावलंय. पाठवावं का?

पालक फोनवर आधी इकडचं-तिकडचं बोलतात आणि शेवटी हा प्रश्न काढतात. काळजी रास्त आहे, पण नकार देण्याआधी संस्थेला चार गोष्टी विचारा. मुक्कामाची सोय कुठे आणि सोबत कोण? फील्डवर एकटीला पाठवतात की जोडीने? शेवटची एसटी चुकली तर काय व्यवस्था? लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती आहे का? दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी २०१३ च्या कायद्याने ती असावीच लागते. या प्रश्नांवर संस्था चिडली तर तेच उत्तर समजा. नीट सांगितलं तर एकदा मुलीसोबत जाऊन कार्यालय बघून या. आणि ताई, निर्णय मुलीला घेऊ द्या.

१३. सगळं शिक्षण मराठीतून झालं. इंग्रजीशिवाय अडेल का?

फील्डवर अडत नाही, तिथे मराठीच लागते. कोकणी (पेठ-सुरगाण्याकडची आदिवासी बोली, गोव्याची नव्हे) किंवा अहिराणी बोलता येत असेल तर अर्जात ठळक लिहा, ती मोठी जमेची बाजू आहे. अडतं ते अहवालापाशी. देणगीदाराला अहवाल इंग्रजीतून जातो आणि जो तो लिहितो त्याचा पगार वाढतो. भाषण करण्याइतकी इंग्रजी नको, दोन पानं बिनचूक लिहिण्याइतकी हवी. यूपीएससी आणि एमपीएससीची उत्तरं मराठीत लिहिता येतात. नेटचा विषयाचा पेपर मात्र इंग्रजी-हिंदीत असतो.

१४. मुक्त विद्यापीठाची पदवी चालते का?

चालते. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नाशकातच आहे आणि यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मान्यता असलेल्या दूरशिक्षणाच्या पदव्या नियमित पदव्यांशी समकक्ष धरतात. इग्नूमधून (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून) समाजशास्त्राचं एमए आणि एमएसडब्ल्यूही करता येतं. त्या वर्षी त्या अभ्यासक्रमाला मान्यता आहे ना, हे यूजीसीच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

१५. पगार किती, ते सांगा की सरळ.

संस्थेगणिक इतका फरक पडतो की एक आकडा सांगणं फसवणूक होईल. त्यापेक्षा नेमणुकीआधी हे विचारा: वेतन की मानधन, भविष्य निर्वाह निधी कापतात का, पेट्रोल आणि मुक्कामाचा खर्च वेगळा की त्यातूनच, करार अकरा महिन्यांचा की प्रकल्प संपेपर्यंतचा. वरवर चांगलं दिसणारं मानधन दुचाकीच्या पेट्रोलमध्ये विरघळताना आम्ही पुष्कळदा पाहिलंय.

१६. बीएला माझा स्पेशल विषय राज्यशास्त्र होता, समाजशास्त्र जनरल. मला यातलं काय लागू?

एमएसडब्ल्यू, वकिली, स्पर्धा परीक्षा, सगळं लागू. समाजशास्त्राच्या एमएला प्रवेशाचे नियम कॉलेजात विचारा. मात्र जाहिरातीत ‘समाजशास्त्रातील पदवी’ असं असेल तर गुणपत्रिकेवर मुख्य विषय कोणता हे पाहतात. नव्या रचनेतल्या मेजर-मायनरलाही (मुख्य-दुय्यम विषयांनाही) हेच. उलटी अडचणही येते: एमएसडब्ल्यू करून समाजकार्यात नेट झालेल्याला समाजशास्त्राच्या प्राध्यापकाच्या जागेसाठी दार बहुधा बंदच असतं.

१७. एमए आणि एमएसडब्ल्यू एकाच वेळी करू का?

यूजीसीने २०२२ पासून दोन पदव्या एकदम करायला परवानगी दिली आहे: एक नियमित आणि एक दूरशिक्षणातून, किंवा वेळा आड येत नसतील तर दोन्ही नियमित. कागदावर जमतं. पण एमएसडब्ल्यूचं क्षेत्रकार्य आणि त्याचे अहवाल आठवडा खाऊन टाकतात. त्याऐवजी एमएसडब्ल्यू नियमित आणि त्यानंतर नोकरीत असताना इग्नूचं एमए, हा क्रम अंगाला सोसतो.

१८. जनगणना येतेय. त्यात आम्हाला घेतील ना?

प्रगणक, म्हणजे घरोघर माहिती घेणारे, म्हणून प्रामुख्याने शिक्षक आणि सरकारी कर्मचारीच नेमतात, बेरोजगार पदवीधरांची भरती नसते. ‘जनगणनेत नोकरी, नोंदणी शुल्क अमुक’ असा संदेश आला तर पैसे पाठवू नका. यावेळी जातींची नोंद होणार आहे, त्यामुळे आकडे बाहेर आल्यावर त्यांचं विश्लेषण करणाऱ्यांना काम निघेल. पण त्याला एक्सेल-आर यायला हवं.

१९. ज्या पदासाठी कायद्यातच समाजशास्त्राचं नाव आहे, असं एखादं आहे का?

आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्यात बालकल्याण समितीच्या सदस्याच्या पात्रतेत बालमानसशास्त्र, कायदा, समाजकार्य यांच्याबरोबर समाजशास्त्राची पदवी नाव घेऊन दिली आहे. पण नुसती पदवी पुरत नाही. मुलांच्या आरोग्य, शिक्षण किंवा कल्याणाच्या कामाचा सात वर्षांचा अनुभव किंवा त्या विषयातला चालू व्यवसाय हवा. बाल न्याय मंडळावरच्या सामाजिक कार्यकर्ता सदस्यांनाही सात वर्षांचीच अट आहे. म्हणजे आज बावीस वर्षांच्या असाल तर हे पद आजचं नाही. पण आता आश्रमशाळेत, बालगृहात किंवा मुलांसाठीच्या संस्थेत काम करत असाल तर प्रत्येक ठिकाणचं अनुभवाचं प्रमाणपत्र तारखांसह, पदनामासह आणि शिक्क्यासह त्याच वेळी घेऊन ठेवा. संस्था बंद पडतात, सचिव बदलतात, आणि मग सात वर्षांतली तीन सिद्ध करता येत नाहीत.